टक्का लिहिला, कारण कोरंच राहिलं

नगर जिल्ह्यात दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय निघाला की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "सिव्हिलला एकदा जाऊन आलं पाहिजे." हे एकदा जाऊन येणं सोपं नसतं. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आहे. 14 तालुके, 17 हजार चौरस किलोमीटरचा पसारा. अकोले तालुक्याच्या गावाहून नगर शंभर किलोमीटरच्या पुढे. पहाटेची एसटी धरायची, तारकपूर बसस्थानकावर उतरायचं, केसपेपर काढून रांगेत उभं राहायचं, आणि दुपारी कळायचं की कानाचे डॉक्टर आज रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. सोबत आलेल्या बापाचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बुडतो.

एवढी धावपळ ज्या कागदासाठी, त्याचा जीव एका आकड्यात आहे: 40. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या. त्या जागांसाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावं लागतं. 39 लिहिलं गेलं की दार बंद. पायाची लांबी, सांध्याची हालचाल, डोळ्याची दृष्टी, कानाची बेरा चाचणी, सगळं मोजून तो आकडा ठरतो, आणि ठरवताना डॉक्टरांचा अंदाजही त्यात येतोच. म्हणूनच "तुमचं बसत नाही" एवढंच सांगून उमेदवाराला परत पाठवणं मला अन्याय वाटतो. का बसत नाही, कोणत्या चाचणीत किती आलं, हे विचारलं की अनेकदा उत्तराऐवजी पुढच्या नंबरची हाक येते.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. ओपीडी, शस्त्रक्रिया, पोलीस केसेस आणि त्यातच प्रमाणपत्रांची गर्दी, हे सगळं मोजक्याच तज्ज्ञांना उरकावं लागतं. त्यात 2024 च्या उन्हाळ्यानंतर धास्तीची भर पडली. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावाच्या प्रमाणपत्रांची चर्चा देशभर झाली. नाव वगैरे बदलून ठरल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवून केंद्रीय लोकसेवा आयोगाने 31 जुलै 2024 रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली. सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून कार्यमुक्त केलं. प्रमाणपत्रांचा वाद कोर्टात गेला. खोट्या कागदावर लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आधीपासून आहे. ती जरूर वापरावी. पण त्या एका प्रकरणाचा संशय आज जन्मापासून पाय ओढत चालणाऱ्या मुलाच्या फाइलवर चिकटला आहे. आधी त्याला कुणी "मदत करू का" म्हणायचं, आता "खरंच आहे ना?" असं विचारलं जातं.

कागद मिळाला तरी फेरा संपत नाही, फक्त खिडकी बदलते. भरतीच्या जाहिरातीत पदापुढे कोणता दिव्यांग प्रकार चालेल ते छापलेलं असतं: ओए म्हणजे एक हात, ओएल म्हणजे एक पाय. मुलगा संगणकावर झरझर टाइप करतो, पण त्याच्या प्रकाराचं अक्षर त्या रकान्यात नाही, म्हणून अर्जच भरता येत नाही. कुठे प्रमाणपत्रावर "तात्पुरतं" लिहिलेलं अडतं, कुठे प्रमाणपत्राची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरची निघते. निवड झालीच तर पुन्हा वैद्यकीय तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी वेगळा टक्का काढला की कार्यालय म्हणतं, रुग्णालयाकडे जा. रुग्णालय म्हणतं, कार्यालयाचं पत्र आणा. या दोन वाक्यांमध्ये उमेदवाराचं वय वाढत राहतं.

टक्क्यावरून पात्रता ठरवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट दिशा दिली आहे. ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला बोलण्यातल्या दोषामुळे 44-45 टक्के दिव्यांगत्व होतं आणि तेवढ्यावरून त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं गेलं. 15 ऑक्टोबर 2024 च्या निकालपत्रात न्यायालय म्हणालं की नुसता टक्का पाहून कुणाला बाद करता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला झेपेल का, हे मंडळाने तपासायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण द्यायचं. खटला प्रवेशाचा होता, पण नोकरीच्या खिडकीवर हाच प्रश्न रोज उभा असतो. आकडा माणसाचं काम सांगत नाही, हे डॉक्टरांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

कारण मागणं म्हणजे हुज्जत घालणं नव्हे. प्रमाणपत्र नाकारलं तर ते कारणांसह लेखी कळवणं नियमानुसार बंधनकारक आहे. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं फक्त केंद्राच्या युडीआयडी पोर्टलवरूनच दिली जातात, त्यामुळे अर्ज कधी केला याची नोंद राहते. ती पावती छापून जवळ ठेवा. पूर्वी महिन्याभरात निर्णय द्यायचा होता, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिन्यांवर गेली. मला हे मागे जाणं वाटतं, पण तीन महिने तरी पाळले जावेत. दिलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. एखादं कार्यालय "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणालं तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. असा अधिकारी प्रत्येक सरकारी आस्थापनेत नेमण्याचं कायद्यात आहे. त्यावर पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत.

टक्का मान्य नसेल तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. कागद हातात आला की त्यावरची तारीख आधी पाहा. अपिलाला ठरलेली मुदत असते.