टर्बोचा दाब घटतो तेव्हा...

खोपोली मागे पडून बोरघाटाची चढण सुरू झाली, की डिझेल मोटारीची खरी परीक्षा होते. एरवी सहज चढणारी गाडी एके दिवशी धापा टाकू लागते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये निदान होते, ‘टर्बो गेला!’ नव्या टर्बोचा खर्च ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. परंतु दाब कमी होणे हे केवळ लक्षण आहे. मूळ दुखणे अनेकदा एखाद्या साध्या रबरी नळीत दडलेले असते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. तत्त्व आजही तेच आहे. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू टर्बाइनचे चाक फिरवतात आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठवते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन सिलिंडरमध्ये जाते. दाब किती असावा, हे ‘वेस्टगेट’ ही झडप किंवा टर्बाइनभोवतीची हलती पाती ठरवतात. या साखळीतील कोणताही दुवा निखळला, की इंजिनाला हवा अपुरी पडते.

तपासणीची सुरुवात स्कॅनरने करावी. ‘पी०२९९’ या संकेतांकाचा अर्थ दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच होतो. टर्बो निकामी झाला, असा नव्हे. इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशन सुरू केल्यास दाबाच्या सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो सुमारे १०० किलोपास्कल, तर उंचावरच्या पुण्यात सुमारे ९५ असतो. आकडा फारच वेगळा आला, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा असू शकतो.

त्यानंतर स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. एअर फिल्टर धुळीने तुंबला आहे का? इंटरकूलरच्या नळ्यांना चीर गेली आहे का, क्लिप सैल झाली आहे का? वेग वाढवताना येणारा ‘फुस्स’ असा आवाज आणि सांध्याभोवतीचे ताजे तेल ही गळतीची खूण असते. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. नळ्यांमध्ये कमी दाबाने धूर सोडला, की ती सापडते. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या उंदीर कुरतडतात, हेही शहरी पार्किंगमधील वास्तव आहे.

नळ्या शाबूत असतील, तर ॲक्च्युएटरकडे वळावे. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर त्याचा दांडा अडखळल्याविना सरकला पाहिजे. शहरातील संथ वाहतुकीत काजळी साचून हलती पाती अडकतात. काही वेळा साफसफाईने ती पुन्हा मोकळी होतात. सायलेन्सरच्या वाटेवरील फिल्टर तुंबला असला, तरी टर्बाइनला पुरेसा जोर मिळत नाही. पूर्वी हवा कमी पडल्याची वर्दी काळा धूर देत असे. २०२० पासूनच्या ‘बीएस ६’ डिझेल गाड्यांत ती काजळी फिल्टरमध्येच अडकते. त्यामुळे धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

हे सारे ठीक असेल तरच टर्बो उघडावा. दांडा पुढे-मागे हलत असेल किंवा पाती आवरणाला घासत असतील, तर टर्बो बदलणे किंवा दुरुस्त करणे भाग आहे. मात्र तो का बिघडला, याचे उत्तर आधी शोधावे. तेलाची नळी तुंबलेली असेल किंवा इंटरकूलरमध्ये धातूचे तुकडे राहिले असतील, तर नवा टर्बो आणि इंजिनही धोक्यात येते.

निळा धूर दिसू लागला आणि तेल झपाट्याने कमी होऊ लागले, तर गाडी पुढे नेऊ नये. टर्बोतून गळणारे तेल इंजिनात ओढले गेल्यास डिझेल इंजिन किल्ली काढल्यावरही अनियंत्रितपणे फिरत राहू शकते.

कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे तेल, ते वेळेवर बदलण्याची शिस्त आणि घाट चढून आल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटांची उसंत, एवढी पथ्ये पाळली तर टर्बो दीर्घकाळ साथ देतो. आणि दाब घटलाच, तर मोठ्या बिलावर सही करण्यापूर्वी ‘नळ्या तपासल्या का?’ हा प्रश्न मालकाने जरूर विचारावा.