रतामाच्या झुडुपाखालीं

परीक्षा जवळ आली म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या तोंडून "आतां कांहींच नको वाटतें" असे उद्गार बाहेर पडतात. घरचीं वडील माणसें तें ऐकून कधीं रागावतात, कधीं हंसण्यावारी नेतात. परंतु दिवसभर कष्टून आलेल्या त्या वडील माणसांच्याहि मनांत अनेकदां तेच शब्द असतात. ते बोलून दाखवीत नाहींत, इतकेंच. शरीराचा शीण झोपेनें जातो. दुसरा एक शीण मात्र असा आहे कीं, रात्रभर झोंप घेतली तरी सकाळीं तो उशाशीं बसलेलाच असतो. प्रार्थना कोरडी लागते; ज्या कामाची एके काळीं गोडी होती तेंच काम डोंगराएवढें वाटतें. अशा वेळीं श्रद्धावान मनुष्याला आणखी एक शंका खाऊं लागते: आपली श्रद्धाच मुळीं खोटी होती कीं काय?

ज्यांना ही शंका येते त्यांनीं पवित्र शास्त्रांतील राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय अवश्य वाचावा. त्याच्या आदल्या अध्यायांत एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एकटा उभा राहून बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना हरवितो. दीर्घ अवर्षण संपून पाऊस पडतो. मनुष्याच्या आयुष्यांत ह्याहून मोठा विजय तो कोणता? आणि लागलीच पुढें काय घडतें, तर ईजबेल राणीचा एक धमकीचा निरोप येतो आणि तोच एलीया जीव घेऊन पळत सुटतो. बैर-शेबा येथें तो आपल्या चाकरास मागें ठेवितो, एक दिवसाची वाट रानांत चालून जातो, आणि एका रतामाच्या झुडुपाखालीं बसून देवाजवळ मरण मागतो. हें वाळवंटांतलें झुडूप आहे; त्याला पानें अगदीं थोडीं व सांवली विरळ. पराभवानें खचलेलीं माणसें आपण पाहतों, परंतु एलीया खचला तो विजयानंतर. मोठ्या श्रमाच्या शेवटीं मन असें एकाएकीं कोसळतें, हें डॉक्टर लोकांनाहि ठाऊक आहे.

आतां देव काय करितो तें पाहावें. तो एलीयाला भित्रा म्हणत नाहीं. त्याच्यापुढें उपदेशहि करीत नाहीं. तो त्याला निजूं देतो. मग देवदूत येऊन त्याला स्पर्श करितो आणि ऊठ, जेव, एवढेंच सांगतो. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई ठेविलेली असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हां निजतो. तरीहि कोणी रागें भरत नाहीं! देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हां जेवावयास सांगतो, आणि ह्या खेपेस कारणहि देतो: पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. (आमच्या घरांतून थकलेल्या मुलाच्या वांट्यास आधीं उपदेश येतो आणि भाकर मागाहून, ह्याचा पालकांनीं विचार करावा.)

त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोंचतो. तेथें सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नि हीं एकामागून एक येतात. परंतु परमेश्वर त्यांत नसतो. मग एक अगदीं मंद वाणी येते. शीण आलेल्या मनाला मोठ्या आवाजाचें कांहीं ऐकूं जात नाहीं, हें त्याच्या उत्पन्नकर्त्यास माहीत आहे. तू येथें काय करीत आहेस, असें देव त्याला दोनदां विचारतो, आणि दोन्ही वेळां एलीया तेंच गाऱ्हाणें शब्दशः सांगतो: मी एकटाच उरलों आहें. देव तें दोन्ही वेळां ऐकून घेतो. देवापुढें गाऱ्हाणें मांडणें म्हणजे अश्रद्धा असें ज्यांना वाटतें त्यांनीं ८८ वें स्तोत्रहि पाहावें. तें आरंभापासून शेवटपर्यंत अंधाराचें आहे, तरी स्तोत्रसंहितेंतून तें कोणीं काढून टाकलें नाहीं. एलीयाला मग दोन गोष्टी कळतात. तो एकटा नाहीं, आणखी सात हजार जण निष्ठावंत उरले आहेत. आणि त्याच्या कामाला एक सोबती मिळणार आहे. हा सोबती अलीशा. एलीयाला तो भेटला तेव्हां बारा जोड्या बैल लावून शेत नांगरणें चाललें होतें, आणि बाराव्या जोडीमागें तो स्वतः होता.

बैलजोडीचा हाच दाखला पुढें प्रभु येशूनें घेतला. थकल्याभागल्यांना विसांवा देण्याचें वचन दिल्यावर तो त्यांना आपलें जूं खांद्यावर घ्यावयास सांगतो. शहरच्या वाचकाला हें चमत्कारिक वाटेल: विसांवा मागितला आणि मिळालें जूं! परंतु शेतकऱ्याच्या मुलाला विचारा. बैल थकतो तो कामानें, पण खांदा सोलतो तो वेडेंवांकडें जूं घांसल्यामुळें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं हळद व तूप लावून खांदेमळणी करितात ती ह्याच खांद्याची. येशूनें सुताराचें काम केलें होतें; तो नांगर आणि जोखडें करीत असे, असें दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें लिहून ठेविलें आहे. माझें जूं सोयीचें आहे असें तो म्हणतो तेव्हां त्या बोलण्यांत कारागिराची माहितगारी आहे. शिवाय जूं एकट्यासाठीं नसतें. दुसरी बाजू कोणी तरी ओढीत असतो.

ह्याचें उदाहरण आमच्याच भाषेंत आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें. परंतु बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना असें उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाहीं. आपल्या साक्षींत त्यांनीं हें मोकळेपणानें सांगितलें आहे. पुढें त्यांच्या मनाला शांति लाभली. काम मात्र हलकें झालें नाहीं, उलट वाढलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून उपाशी, निराधार मुली शेंकड्यांनीं आणिल्या, आणि केडगांवास मुक्ति सदन उभें राहिलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या वेळीं बाईंच्या हातीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम होतें. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.