किती टक्के बसले?

कानाची तपासणी करून आलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न असतो, ‘किती टक्के बसले?’ चाळीस बसले तर दिव्यांगाचा दाखला, मग एसटीची सवलत आणि बाकीचं. ज्या ऑडिओमीटरवर ही तपासणी होते त्याला मात्र टक्के ठाऊकच नसतात. ते फक्त एवढंच शोधतं, की या माणसाला अमुक पट्टीतला कितपत बारीक आवाज ऐकू येतो.

ही तपासणी खेड्यात कशी होते, ते सास्तूरसारख्या ठिकाणी कळतं. सास्तूर हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं गाव. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानं ते जमीनदोस्त झालं. इथलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय त्या भूकंपानंतरचं. अशा गावात कान तपासायचा म्हटलं तर यंत्राआधी शांतता मिळवावी लागते. यंत्र पेटीत घालून शिबिराला नेता येतं, आवाजबंद खोली नेता येत नाही. पंखा, जनरेटर, बाहेर रांगेतल्या गप्पा यांत २५० आणि ५०० हर्ट्झचे खर्जातले बारीक सूर बुडून जातात आणि चांगला कानही कागदावर अधू दिसतो. शाळेच्या वर्गखोलीत घेतलेल्या तपासणीवर मी तरी चाळणीपुरताच विश्वास ठेवीन.

तपासणी दिसायला सोपी आहे. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. सुरुवात ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या कानापासून, १००० हर्ट्झच्या सुरानं. ऐकू आला की आवाज १० डेसिबलनं उतरवायचा, नाही आला की ५नं चढवायचा. असं वर-खाली करत ज्या पातळीवर निम्म्या वेळा तरी उत्तर मिळतं, तो त्या सुराचा उंबरठा. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.

कागदावरचा शून्य म्हणजे नीरव शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची ती सरासरी आहे, म्हणून एखाद्या पोराचा आकडा उणे पाचही येतो. डेसिबल सरळ मोजणीनं वाढत नाहीत. दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ६० डेसिबलवर ज्याला पहिल्यांदा ऐकू येतं, त्याच्यासाठी ती शून्याच्या दहा लाख पट करावी लागलेली असते.

मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर थरथरणारी एक छोटी डबी टेकवतात. हाडातून नीट ऐकू आलं आणि हवेतून नाही, तर अडचण कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात : मळ, फुटका पडदा, वाहता कान. यातलं बरंचसं औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतं. दोन्ही वाटांनी सारखंच कमी आलं, तर दुखणं आतल्या शंखात किंवा नसेत. ४००० हर्ट्झपाशी आलेख खड्ड्यासारखा खचलेला दिसला, की तपासणारा विचारतो, ‘काम काय करता?’ यंत्रांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांच्या कानाची ती खूण. मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे नाचणाऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी.

वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी जातं आणि ‘स’सारखी व्यंजनं तिथेच असतात. स्वर शाबूत राहतात. म्हणून ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ वाटतं आणि म्हातारे म्हणतात, ऐकू येतं पण कळत नाही. ही तक्रार सुरांच्या आलेखात पुरती उतरत नाही. त्यासाठी शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावणारी वेगळी चाचणी असते. ती माणसाच्या भाषेतच घ्यावी लागते.

टक्के येतात ते नंतरच्या हिशेबातून. आधी प्रत्येक कानाचे वेगळे टक्के काढायचे. मग बऱ्या कानाच्या टक्क्यांना पाचनं गुणायचं, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहानं भागायचं. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर उत्तर येतं जेमतेम सतरा. रस्त्यावर हॉर्न कुठून वाजला हे ज्याला कळत नाही, त्याला हा हिशेब अन्यायाचा वाटतो आणि मला त्याचं म्हणणं पटतं. उलट दाखल्यासाठी बहिरेपणाचं सोंगही घेतलं जातं. पण पुन्हा तपासल्यावर सोंगाड्याला तोच आकडा राखणं अवघड जातं. शिवाय बेरा नावाची चाचणी आहेच. डोक्याला तारा लावून आवाजाला मेंदूच्या वाटेवर उठणाऱ्या विजेच्या लहरी ती टिपते. तिला बटणाची गरज नाही.

म्हणूनच बेरा तान्ह्या बाळांच्या कामाची. त्याआधीची चाळणी ओएई. डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये दाखवून दिलं, की निरोगी कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतःही अगदी क्षीण आवाज काढतो. बाळ झोपेत असताना कानात बारीक टोक ठेवून तो पकडतात. काम काही मिनिटांचं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, तेव्हा अशा घरात ही तपासणी टाळू नये. महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. ओएई फक्त शंख तपासते, पुढची नस नाही. त्यामुळे जन्मल्यावर जबर कावीळ झालेलं किंवा काचपेटीत बरेच दिवस राहिलेलं बाळ ओएईत पास झालं, तरी त्याची बेरा करून घ्यावी लागते.