रानात मेलेले जनावर : गावाला मिळालेला पहिला इशारा

पावसाळा सरून रान कोरडे पडले, की पेडणे, डिचोली व सत्तरी तालुक्यांतील ग्रामस्थांचा रानातील वावर वाढतो. सरपण, गुरांची चराई आणि पुढे काजूचा हंगाम ही सर्व कामे याच काळातील. अशा वेळी वाटेत एखादे माकड मरून पडलेले दिसते, क्वचित सांबर किंवा भेकर निपचित आढळते. पाहणारा मुकाट्याने पुढे जातो. तो चोरून शिकारीस गेलेला असेल, तर पकडले जाण्याच्या भीतीने घरीही बोलत नाही. हे मौन किती महाग पडू शकते, ते माकडतापाच्या इतिहासावरून ध्यानी येते.

हा रोग प्रथम 1957 साली आजच्या कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात ओळखला गेला. तेथे माकडे मरत असतानाच आसपासच्या गावांत तापाची साथ पसरली होती. 2015 मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली येथे हा रोग आढळला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची बाधा झाली. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर येथे आणि 2017 मध्ये बांदा परिसरात त्याने डोके वर काढले. दोडामार्ग डिचोलीला लागून आहे, तर पेडण्यातील पत्रादेवी ओलांडताच बांद्याचा परिसर सुरू होतो. रोगाला तालुक्याची वा राज्याची हद्द ठाऊक नसते.

या रोगाचा विषाणू गोचिडीमार्फत पसरतो. पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरे, गवे, सांबर अशा मोठ्या जनावरांच्या रक्तावर पोसल्या जातात. त्यांची बारीक पिल्ले माकडांना आणि माणसांना चावतात. सांबर वा गाय रोगी दिसत नाही, तरी गोचिडींची संख्या तिच्या अंगावर वाढते. माकड मेले, की गार पडलेले शरीर सोडून गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. ती जागा त्यामुळे धोक्याची बनते.

शिकारीची सवय असलेल्यांत ‘मांस नीट शिजविले म्हणजे झाले’ असा समज असतो. तो अपुरा आहे. जनावर उचलताना, सोलताना, कापताना गोचिडी अंगावर चढतात आणि रक्ताशी संबंध येतो. काळपुळीने मेलेले जनावर फाडल्यास रोगबीजे मातीत मिसळून वर्षानुवर्षे टिकतात व माणसालाही बाधतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे, हे वेगळे सांगावयास नको.

रोग रानातून गावात येतो, तसा गावातून रानातही जातो. 1968 मध्ये गुरांच्या बुळकांडीने दक्षिणेतील बंडीपूर व मुदुमलै अरण्यांतील गव्यांचा मोठा संहार केला. गुरांच्या लसीकरणाच्या बळावर हा रोग पुढे नाहीसा झाला आणि 2011 मध्ये सारे जग त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूत मात्र आजही गुरांकडून हरणांना होऊ शकतो. म्हणून गुरांना वेळेवर लस टोचून घेणे, हे रानाचेही रक्षण आहे.

माकडतापात एकाएकी कडक ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना नाका-तोंडातून रक्तस्राव होतो. बाधितांपैकी शंभरात सुमारे तीन ते पाच जण दगावतात. त्यावर खास औषध नाही, पण वेळीच मिळालेली शुश्रूषा प्राण वाचविते. रानात गेलेल्यास ताप आल्यास त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगास गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे व परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. पाचोळ्यावर बसू नये.

मेलेले जनावर दिसल्यास त्यास हात लावू नये, जवळ मुलांना वा गुरांना जाऊ देऊ नये. जागा लक्षात ठेवून वनरक्षक, पंचायत किंवा आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. शाळेत एखादा विद्यार्थी अशी हकीकत सांगू लागला, तर शिक्षकांनी ती पुढे पोचवावी. आणि अधिकाऱ्यांनीही खबर आणणाऱ्यास ‘तू तेथे कशाला गेला होतास?’ असे प्रथम विचारू नये. ‘जनावर कोठे पडले आहे?’ हा प्रश्न आधी विचारला गेला, तरच पुढचा माणूस खबर घेऊन येईल.