अंगठा असेल तरच फसाल

एक नाणं घ्या. दहा रुपयांचं असलं तर बरं, जरा मोठं दिसतं. डावा तळवा आकाशाकडे करून अंगठा आणि बोटांच्या चिमटीत ते धरा. आता उजवा हात त्यावर आणा. अंगठा नाण्याच्या मागच्या फटीत आणि चार बोटं पुढून, म्हणजे नाणं मुठीत घेतल्यासारखं दिसेल. बोटांच्या आडोशाला नाणं गेलं की डावी चिमूट सैल सोडा. नाणं डाव्याच तळव्यात पडेल. उजवी मूठ मिटून बाजूला न्या, स्वतःही तिच्याकडेच बघा, फुंकर मारा आणि उघडा. रिकामी!

हातचलाखीतला हा अगदी पहिला धडा. जादूगार त्याला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. नवशिके हमखास एकाच जागी मार खातात. डावा हात चोरासारखा आखडतो आणि उजवी मूठ उगाच घट्ट आवळली जाते. यावर उपाय सोपा आहे. आधी नाणं खरोखर उजव्या हातात घेऊन बघायचं, पुन्हा पुन्हा, आणि आपला हात तेव्हा कसा दिसतो ते आरशात पाहून ठेवायचं. खोटी कृती खऱ्याची हुबेहूब नक्कल झाली की बाकीचं काम समोरचा माणूस स्वतःच करतो. नाणं उजवीकडे गेलेलं त्याने ‘पाहिलेलं’ असतं.

हे ‘पाहणं’ नेमकं काय, याचं कुतूहल मानसशास्त्राला फार जुनं आहे. आल्फ्रेड बिने हे पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे गाजलेले फ्रेंच शास्त्रज्ञ. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जादूगारांच्या हातांची ओळीने छायाचित्रं काढून घेतली. एकेक चित्र सुटं पाहिलं की जादू कुठच्या कुठे विरून जायची. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1900 साली शाळकरी मुलांसमोर एक चेंडू वर फेकून झेलला, पुन्हा फेकला आणि शेवटी नुसताच फेकल्याचा आविर्भाव केला. चेंडू वर जाताना दिसला आणि हवेतच नाहीसा झाला, असं जवळपास निम्म्या मुलांनी सांगितलं.

शंभरेक वर्षांनी गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी हाच खेळ नजरेचा माग काढणाऱ्या यंत्रासमोर मांडला. कून स्वतः जादूगार. खोट्या फेकीच्या वेळी त्यांनी वर पाहिलं तेव्हा 68 टक्के प्रेक्षकांना चेंडू वर जाताना दिसला. नजर हातावरच ठेवली तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं. खरी गंमत पुढे आहे. ज्यांना चेंडू वर ‘दिसला’, त्यांचे डोळे तिथे गेलेच नव्हते! ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे फसले नव्हते. फसली ती पुढचा क्षण आधीच रंगवून ठेवणारी यंत्रणा. एरवी याच यंत्रणेच्या भरवशावर आपण क्रिकेटमध्ये झेल घेतो, तेव्हा तिला फार बोल लावण्यात अर्थ नाही.

कून यांचाच बेंजामिन टॅटलर यांच्यासोबतचा 2005 सालचा प्रयोग मला याहून आवडतो, कारण त्यात काही लपवलेलंच नाही. टेबलापलीकडे बसलेला जादूगार सिगारेट तोंडात उलटी धरतो, पेटवायला जातो, चूक लक्षात आल्यासारखं करून ती फिरवतो. तेवढ्यात लायटर गायब. लोक लायटरच्या रिकाम्या हाताकडे बघत असताना दुसऱ्या हातातली सिगारेट तो सरळ मांडीवर टाकतो. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. पहिल्या खेपेला ती पडताना जवळजवळ कुणालाच दिसली नाही. दुसऱ्या खेपेला बहुतेकांना दिसली. दिसलेल्यांची नजर न दिसलेल्यांपेक्षा सिगारेटच्या जवळ होती, असंही नाही. डोळा कुठे रोखलाय आणि लक्ष कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यांना हे सांगायला नको.

मग जादूगाराने कुठे बघावं, याला किती महत्त्व द्यायचं? इथे संशोधकांचं एकमत नाही. पेन आणि टेलर ही अमेरिकी जोडी तीन पेले आणि गोळ्यांचा खेळ पारदर्शक पेल्यांनी करते. आपल्याकडचे गारुडी बोंडाच्या लाकडी वाट्या घेऊन करतात तोच हा खेळ. ही कल्पना टेलर यांना एका खानावळीत पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालाच्या गोळ्यांशी चाळा करताना सुचली. ग्लासावरून घरंगळणारी गोळी इतकी लक्ष वेधून घेत होती की आपल्याच दुसऱ्या हाताकडे त्यांचं लक्ष राहिना. 2013 मध्ये हा खेळ प्रयोगशाळेत तपासला गेला तेव्हा नजर सर्वात जास्त खेचली ती पडणाऱ्या नव्हे, उचललेल्या गोळीने. शिवाय जादूगाराचा चेहरा झाकला तरी काही फरक पडला नाही. प्रेक्षक अवघे सात होते, त्यामुळे निष्कर्ष फार ताणू नये. तरी एवढं म्हणता येईल की फेकलेल्या चेंडूत चेहरा बोलतो, पेल्यांच्या खेळात हातच बोलतात.

हे सारं निव्वळ करमणुकीपुरतं नाही. हवेतून विभूती काढणाऱ्या बाबांची करामत हीच असते. राख भाताच्या पेजेत मळून गोळी वाळवायची, ती अंगठ्याच्या बेचक्यात धरायची, हात गोल फिरवायचा आणि बोटांनी चुरडायची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आधी असे ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि मग उलगडून सांगतात. उपदेशापेक्षा ही पद्धत कधीही परिणामकारक, कारण पाहणारा आधी स्वतः फसलेला असतो.

फ्रेंच ड्रॉपला फसायला आणखी एक गोष्ट लागते हे मात्र अलीकडेच कळलं: हात. तोही आपल्यासारखा. केंब्रिजमध्ये निकोला क्लेटन यांच्या गटातल्या एलियास गार्सिया-पेलेग्रिन यांनी (हेही जादूगार) ‘जे’ नावाच्या पक्ष्यांना फ्रेंच ड्रॉप करून दाखवला. या पक्ष्यांपुढे त्याची मात्रा चालली नाही. पण हातातला खाऊ झपकन दुसऱ्या हातात सरकवला तर ते माणसांसारखेच चुकले. वेगापुढे त्यांचाही इलाज नव्हता. बोटांच्या हालचालीला मात्र त्यांच्या लेखी अर्थच नव्हता.

मग 2023 मध्ये पाळी आली माकडांची. तीन जाती, प्रत्येकी आठ. कॅप्युचिन माकडांचा अंगठा चिमूट धरू शकतो. शेंगदाण्याच्या खेळात ती 81 टक्के वेळा रिकाम्या हाताकडे बोट दाखवत राहिली. स्क्विरल माकडांची चिमूट कच्ची, तरी अंगठा थोडाफार वळतो. ती 93 टक्के वेळा फसली. मार्मोसेटचा अंगठा बाकीच्या बोटांच्याच रांगेत असतो, समोर येत नाही. ती फसली फक्त 6 टक्के वेळा. आडोशामागून अंगठा काय करत असेल, ही शंकाच त्यांच्या डोक्यात येत नसावी. खाऊ ज्या हातात शेवटचा दिसला, त्याच हातात तो असणार, इतका सरळ त्यांचा हिशोब.

संशोधकांनी मग चिमटीऐवजी अख्ख्या मुठीने वस्तू पकडायची नवी युक्ती बसवली. अशी पकड मार्मोसेटलाही जमते. या वेळी तीही बहुतेक वेळा फसली.