हर्षेवाडीहून पायऱ्यांपर्यंत

हरसूलहून पहाटेच निघालेली जीप आम्हाला हर्षेवाडीत उतरवते, तेव्हा ऊन नुकतंच कौलांवर आलेलं आहे. डिसेंबरची थंडी. नागलीची शेतं कापून मोकळी झाली आहेत. समोर हरिहर गड, सुमारे 3,676 फूट उंच. सरावाचा माणूस इथून तासाभरात गडाच्या कातळातल्या पायऱ्यांखाली पोहोचतो. आमच्यासोबत आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची भाची आहे, म्हणून आम्ही अख्खा दिवस हाताशी ठेवलाय.

भाची सर्वांत पुढे. नियम एकच, तिला ओलांडून कुणी जायचं नाही. ती थांबली की सगळे थांबतात. आता ती एका शेणकिड्यापाशी उकिडवी बसली आहे. किडा गोळी चढावर ढकलतो, गोळी घरंगळते, तो पुन्हा मागे धावतो. गोळी दगडाच्या पलीकडे गेल्याशिवाय ती उठत नाही.

गवत वाळलंय. दोघांच्या मोज्यांत कुसळं भरली आहेत, म्हणून करवंदीच्या जाळीपाशी बैठक मारतो. कुसळं एकेक करून उपटायची, घोटघोट पाणी, नागलीची भाकरी आणि गूळ. तहान लागायच्या आधी पाणी आणि कुरकुर सुरू व्हायच्या आधी खाऊ, हे सांभाळलं की मुलं हसत चालतात.

दुपारच्या सुमारास आम्ही कातळाखाली येतो. 1818 मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर हरिहरही इंग्रजांकडे गेला. त्या काळात कित्येक गडांच्या वाटा सुरुंगांनी उडाल्या, हरिहरची ही पायऱ्यांची वाट मात्र शाबूत राहिली. पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना हात रुतवायला खोबणी कोरली आहे. भाची पहिल्या पायरीवर उभी राहते, एका खोबणीत बोटं घालते आणि दुसरा हात ताणते. दुसरी खोबण लांबच राहते. वरून उतरणारी माणसं पाठमोरी, पाय चाचपत येताहेत.

"बाबा, मी जाऊ?" मुलगा विचारतो.

सरबत विकणाऱ्या मावशी माझ्याआधीच बोलतात, "पायऱ्या कुठं पळून जात नाहीत, बाळा. हात लांब झाले की ये."

तो रुसतो. मी समजूत घालत नाही. त्याच्याजवळ बसतो आणि ब्रह्मगिरी कुठला, भास्करगड कुठला ते दाखवतो. थोड्या वेळाने तो स्वतःच बोटाने पायऱ्या मोजू लागतो.

उतारावर भाचीचे पाय लटपटतात. "मामा, उचल ना." मी तिला पाठुंगळीला घेतो, मुलाचा हात धरतो. तिला उचलायचं बळ उरलंय, कारण दुपारी आम्ही माघारी वळलो. लहानांना डोंगरात न्यायचं तर हे बळ सकाळपासून राखून ठेवायला हवं. माथा पुढच्या वर्षीही असेल, आणि डोंगर आवडलेली मुलं त्याच्याकडे पुन्हा येतील.