देवळाची किल्ली कुणाकडे?

१९१७ साली नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे होतं आणि मराठी कवी म्हणून त्यांचं नाव झालं होतं. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताचं शिष्यत्व पत्करलं की पुरे. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार दिवस टिकला नाही. त्यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं ते मात्र गेलेलं नाही. मिशनने द्यायचं आणि मंडळीने घ्यायचं, या सवयीत वाढलेली मंडळी पुढे शेजाऱ्यांच्या उपयोगी पडायला निघाली, की तीही नकळत वरच्या पायरीवर उभी राहून देऊ लागते. महाराष्ट्रातल्या लहान मराठी मंडळ्यांमध्ये आज सेवाकार्याला नव्याने हात घालण्याची ओढ आहे, आणि ती खरी आहे. पण आधी ही पायरी उतरल्याशिवाय त्या ओढीतून काही उभं राहील, असं मला वाटत नाही.

ही सवय कुणाच्या आळसातून आलेली नाही, ती इतिहासातून आली आहे. अमेरिकन मिशनरी १८१३मध्ये मुंबईत उतरले, १८३१मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांचं काम सुरू झालं, १८४२मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. नगरच्या फरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. पुढे १८७६ ते १८७८च्या दुष्काळात आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतले, मुख्यतः महार आणि मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने मंडळीत आले. ज्या वाड्यावस्त्यांवर अक्षराला बंदी होती तिथे शाळा आली. या समाजातून शिक्षक आणि परिचारिकांच्या पिढ्या निघाल्या आणि त्यांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकवली, सगळ्यांच्या जखमा बांधल्या. हे ऋण नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण या घडणीत शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगार मिशनचा. मंडळीच्या मालकीचं फारसं काही नव्हतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि कारभार भारतीयांच्या हाती आला, तेव्हा कितीतरी ठिकाणी वारशात इमारती आणि कंपाउंडच्या भिंती आल्या. शेजाराशी असलेलं नातं आपोआप आलं नाही. मग उपासना, नाताळ, महिला मंडळ, शब्बाथ शाळा एवढ्यात वर्ष सरू लागलं आणि पंचांच्या बैठका मालमत्तेच्या वादांत अडकू लागल्या.

त्याच १९७० साली, नगर जिल्ह्यात, जामखेडला दुसरं काही घडत होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं डॉक्टर जोडपं तिथे आलं. ज्या गावाला आपण हवे आहोत तिथेच जायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं म्हणून ते आले. दुष्काळी तालुक्यात पहिली हाक पाण्याची आणि अन्नाची होती, तेव्हा त्यांनी औषधांआधी त्याकडे पाहिलं. आरोग्य सेविका म्हणून गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, मग ती निरक्षर असली तरी चालेल, हा त्यांच्या पद्धतीचा कणा. निवडल्या गेलेल्यांत दलित बायका बऱ्याच होत्या. त्या सुरक्षित बाळंतपण शिकल्या, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आणि कुष्ठरोग वेळीच ओळखायला शिकल्या, आणि जिच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं तिला गाव घरात बोलावू लागलं. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडची रीत पाहायला जगभरातून लोक येऊ लागले. आता, जामखेड हे कुठल्या मंडळीचं काम नव्हतं, आणि डॉक्टरांची विद्या प्रत्येक मंडळीकडे नसते, हे मान्य. पण त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने तिथे जे रूप घेतलं ते शिकण्याजोगं आहे. ज्ञान, निर्णय आणि मान या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवल्या नाहीत.

मंडळीच्या सेवाकार्यावर बाहेरून येणारा आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे: सेवा हे धर्मांतराचं आमिष आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. दुष्काळात धान्य आणि बाप्तिस्मा एकाच अंगणात मिळाल्याची आठवण समाजाच्या मनात आहे. तिचं अर्धंच चित्र सांगितलं जातं, त्या माणसांनी जातीच्या जाचातून सुटण्यासाठी स्वतः केलेली निवड त्यात पुसली जाते, हे खरं. तरीही आठवण आहेच. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये सांगितलं आहे. पण गावातली शंका कायद्याच्या कलमाने फिटत नाही. काम मंडळीच्या बंद दारामागे ठरलं, तर त्यामागचा हेतू काय हे लोक विचारणारच. तेच काम ठरवायला गावातली बिगरख्रिस्ती माणसं बसली असतील, हिशेबाची वही त्यांच्याही हाती असेल, तर शंकेला उत्तर द्यायला पाळकाला उभं राहावं लागणार नाही.

आतून येणारा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. मग सुवार्तेचं काय? मंडळी आणि एखादी सेवाभावी संस्था यांत फरक तो काय उरला? हा प्रश्न विचारणारी माणसं बहुधा मंडळीतली सगळ्यांत निष्ठावान माणसं असतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. मात्र साक्ष देणं आणि माणसं मोजणं या दोन गोष्टी त्यांनी एक धरल्या आहेत. मोजणीचं म्हणाल तर २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती पुरते एक टक्काही नाहीत, आणि त्या आकड्यातही किती जण आले नसतील! १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती दलिताला मिळत नाही. बाकावर बसणारा माणूस कागदावर वेगळा असतो, यामागे भाकरीचा प्रश्न आहे. अशा समाजाने आपलं यश डोक्यांच्या संख्येत शोधायचं ठरवलं तर पदरी निराशा येईल. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या आणि कीर्तनाच्या ओळखीच्या वाटेने घराघरांत नेलं. ती साक्ष होती, आणि ती ऐकणाऱ्यावर ओझं टाकत नव्हती. आपण हे का करतो, असं कुणी विचारलं तर मंडळीने ख्रिस्ताचं नाव खुल्या मनाने घ्यावं. मदतीच्या आधी ते ऐकवण्याची अट नको.

राहिला लहानपणाचा मुद्दा. चाळीस घरांची मंडळी, अर्पणाच्या थैलीत जेमतेम पाळकाचा पगार, करणार काय? पैशाने मोठं असं फारसं नाही, हे कबूल. पण अशा मंडळीत निवृत्त शिक्षिका असते, परिचारिका असते, आणि आठवड्यातले सहा दिवस रिकामं राहणारं सभागृह असतं. नगर-बीडच्या पट्ट्यात ऊसतोडीचा प्रश्न दाराशी उभा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मुलं एक तर कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागेवरच्या झोपडीत, जातात आणि शाळा सुटते, नाही तर आजी-आजोबांजवळ मागे राहतात. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना अशाच मुलांसाठी आहे. मागे राहिलेल्या पंधरा मुलांना संध्याकाळी दिवा, अभ्यासाला सोबत आणि दुखलंखुपलं तर विचारणारं माणूस देणं लहान मंडळीच्या आवाक्याबाहेरचं नाही. मात्र ते शाळेच्या व्यवस्थापन समितीशी आणि त्या आजीआजोबांशी बोलून ठरावं, आणि सभागृहाची एक किल्ली त्यांच्यातल्याच कुणाकडे असावी. टोळ्या गावाबाहेर पडतात ते दिवस नाताळच्या तयारीचे असतात. देवळाला रंग लागतो, गाण्यांच्या तालमी सुरू होतात, आणि सभागृह नेमकं तेव्हाच उघडं असतं.